पत्र्याच्या गोडाऊनमधील घुशींसाठी आखूड एअर रायफल घ्यावी का?

केळीबाग_यावल (यावल, जि. जळगाव)

सर्वांना सप्रेम नमस्कार. सातपुड्याच्या पायथ्याशी आमची ११ एकर जमीन असून तिच्यापैकी ६ एकरांत केळी, ३ एकरांत मका आणि उरलेल्या २ एकरांत घरच्या भाकरीपुरती व गुरांच्या कडब्यापुरती दादर, म्हणजे आमच्याकडची रब्बी ज्वारी, असते. मळ्यातच ४० फूट लांब आणि २५ फूट रुंद असे पत्र्याचे गोडाऊन आहे. त्याच्या तीन भिंती जुन्या दगडी आहेत आणि चौथ्या बाजूला लोखंडी शटर आहे. खरिपाचा मका भाव वाढेल या आशेने तेथेच थप्पी लावून ठेवला होता. परवा थप्पी हलवली तेव्हा खालच्या ओळीतील एकही पोते धड निघाले नाही. पोत्याचे कान धरून उचलावे तर तळ जागेवरच राहतो आणि दाणे पायांवर ओघळतात, अशी अवस्था होती. गुंडाळून ठेवलेल्या ठिबकच्या नळ्यांची तीन बंडले कुरतडली गेली आहेत आणि भिंतीच्या पायाशी घुशींनी घमेलेभर मातीचे ढीग घातले आहेत.

विष ठेवायला आमचे आप्पा तयार नाहीत. दोन वर्षांपूर्वी विषाने मेलेला उंदीर खाऊन आमचा राखणीचा कुत्रा दारातच तडफडून गेला, तेव्हापासून त्यांनी त्या डबीचे नावही घरात काढू दिलेले नाही. पिंजरे लावून पाहिले. त्यांत लहान उंदीर सापडतात, घूस मात्र पिंजऱ्याला वळसा घालून जाते.

अशात एका दुकानात आखूड लांबीची एअर रायफल पाहिली. नेहमीची छर्ऱ्याची बंदूक साडेतीन फुटांची असते. हिचे यंत्र दस्त्यातच बसवलेले असल्याने ही अडीच फुटांच्या आत आहे आणि थप्प्यांच्या अरुंद बोळात सहज फिरवता येते. दुकानदार म्हणाला की तिला परवाना लागत नाही, आणि वर असेही म्हणाला की ती उंदरापासून रानडुकरापर्यंत सगळ्यांना पुरते. त्याचे दुसरे वाक्य ऐकल्यावर मला पहिल्याबद्दलही शंका येऊ लागली, म्हणून येथे विचारतो आहे. परवान्याचे खरे काय आहे? गोडाऊनमध्ये ती चालवणे कितपत सुरक्षित आहे? दादर आता हुरड्यावर आली असून सकाळ-संध्याकाळ पोपटांचे थवे उतरतात, आणि केळीच्या नव्या बागेत रानडुकरे कंद उकरतात. त्यांच्यासाठी ही बंदूक वापरता येईल का?

बांधावरचा_वकील (जळगाव)

आपल्या प्रश्नात दोन निरनिराळे कायदे एकत्र आले आहेत आणि बहुतेक लोकांची गल्लत येथेच होते. बंदूक जवळ बाळगण्यास परवाना लागत नाही याचा अर्थ तिने वाटेल ते मारता येते असा होत नाही.

पहिला भाग शस्त्रांचा. शस्त्र अधिनियम १९५९ खालील शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ज्या एअर रायफलीच्या नळीचा व्यास ४.५ मिलिमीटर, म्हणजे बाजारभाषेत 'पॉइंट वन सेव्हन सेव्हन', यापेक्षा अधिक नाही आणि जिची नळीच्या तोंडाशी मोजलेली ऊर्जा २० ज्यूलपेक्षा अधिक नाही, तिला परवाना लागत नाही. दोन्ही अटी एकाच वेळी पाळल्या गेल्या पाहिजेत. ५.५ मिलिमीटरची, म्हणजे 'पॉइंट टू टू'ची एअर रायफल कितीही मंद असली तरी ती सवलतीत बसत नाही. दुकानदाराने आपली ओळख व पत्ता यांचे पुरावे घेऊन नोंद करायची असते. तो पुरावे न मागता बिलाशिवाय द्यायला तयार असेल तर त्या दुकानातून बाहेर पडावे. बिलावर नळीचा व्यास, ऊर्जा आणि अनुक्रमांक लिहून घ्यावेत, कारण उद्या कोणी विचारले तर तोच कागद आपल्या बाजूने बोलणार आहे.

दुसरा भाग वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा असून आपल्या बाबतीत तोच अधिक महत्त्वाचा आहे. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तिने अनुसूचींची, म्हणजे कायद्याला जोडलेल्या प्राणी-वनस्पतींच्या याद्यांची, संख्या घटवली आणि उपद्रवी प्राण्यांची जुनी पाचवी अनुसूची काढून टाकली. आता पहिल्या व दुसऱ्या अनुसूचीतील प्राण्यांची शिकार करण्यास मनाई आहे. मोर पहिल्या अनुसूचीत आहे. रानडुक्कर, नीलगाय आणि आपल्या दादरीवर येणारा पोपट दुसऱ्या अनुसूचीत आहेत. 'शिकार' या शब्दाची कायद्यातील व्याख्या फार रुंद आहे. ठार मारणे तर आलेच, परंतु जखमी करणे आणि तसा प्रयत्न करणे हेही शिकारच ठरते, त्यामुळे 'नुसता घाबरवायला छर्रा मारला' हा बचाव टिकत नाही. दुसऱ्या अनुसूचीतील प्राण्यासाठी ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पहिल्या अनुसूचीसाठी किमान ३ ते कमाल ७ वर्षे कैद व किमान २५ हजार रुपये दंड, अशी शिक्षा आहे. शिवाय वापरलेले हत्यार सरकारजमा होते ते वेगळेच.

घरातील व शेतातील उंदीर आणि घुशी या अनुसूचींत नाहीत. आपल्या यादीपैकी या बंदुकीच्या वाट्याला कायद्याने तेवढेच येतात. रानडुकरासाठी वनविभागाकडे रीतसर अर्ज करून परवानगी मिळवण्याची तरतूद आहे, परंतु तो मार्ग निराळा आहे आणि छर्ऱ्याच्या बंदुकीने तो चालता येत नाही. केळीचे नुकसान झाले असेल तर ३ दिवसांच्या आत जवळच्या वन कार्यालयात तक्रार देऊन पंचनामा करून घ्यावा. आपल्याकडे लोक आठ दिवस 'पाहू, पाहू' म्हणत बसतात आणि मग भरपाई मिळाली नाही म्हणून चावडीवर बोलतात.

आपण यावलचे आहात म्हणून आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे. १९६९ साली घोषित झालेले यावल अभयारण्य आपल्याला लागून आहे. अभयारण्यात हत्यार घेऊन प्रवेश करण्यास कलम ३१ प्रमाणे मनाई आहे, तेव्हा त्या बाजूच्या शिवारात जाताना गाडीत बंदूक राहून गेली, असे होऊ देऊ नये. कलम ३४ मध्ये अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकांनी, तसेच शस्त्र कायद्यातून सूट मिळून शस्त्र बाळगणाऱ्यांनी नावनोंदणी करावी असे म्हटले आहे. खरेदीपूर्वी वनपरिक्षेत्र कार्यालयात एक साधा अर्ज देऊन त्याची पोच ठेवली तर पुढची कटकट टळेल.

दहा_मीटर (धुळे)

मी गेली पंधरा वर्षे एअर रायफलचा नेमबाज आहे आणि भावाच्या कांदाचाळीत व गोडाऊनमध्ये उंदरांसाठीही ती वापरलेली आहे. वकीलसाहेबांनी २० ज्यूलचा उल्लेख केला, तो आकडा दुकानात कसा ओळखावा हे आधी सांगतो, कारण खोक्यावर ज्यूल क्वचित छापलेले असतात. तेथे 'एक हजार फूट प्रति सेकंद' अशी जाहिरात असते.

छर्ऱ्याच्या वजनाशिवाय त्या वेगाला काही अर्थ नाही. ०.४० ग्रॅमच्या हलक्या छर्ऱ्याने एक हजार फूट, म्हणजे सुमारे ३०५ मीटर वेग आला असेल तर ऊर्जा साडेअठरा ज्यूल होते आणि बंदूक सवलतीत बसते. तोच वेग ०.५४ ग्रॅमच्या नेहमीच्या छर्ऱ्याने येत असेल तर ऊर्जा २५ ज्यूल होते आणि तीच बंदूक परवान्याच्या कक्षेत जाते. ०.५४ ग्रॅमच्या छर्ऱ्यासाठी मर्यादेचा वेग साधारण २७२ मीटर, म्हणजे ८९० फूट येतो. घुशीसाठी इतक्याची गरजही नाही. आमच्या स्पर्धेच्या रायफलीची ऊर्जा सात-साडेसात ज्यूलच्या आसपास असते. गोडाऊनमधील आठ-दहा मीटरांच्या अंतरावर १२ ते १५ ज्यूल भरपूर झाले, मात्र छर्रा डोक्यालाच लागला पाहिजे. पोटात लागलेली घूस बिळात शिरून दोन दिवस मरत राहते आणि मग वासाने गोडाऊनमध्ये उभे राहवत नाही.

आता आखूड रायफलीविषयी. आपण पाहिली ती बहुधा हवेची टाकी असलेली, म्हणजे पीसीपी जातीची असणार. ती बोळात फिरवायला सोयीची, तिला धक्का नसतो आणि मॅगझिन असल्याने दुसरा छर्रा लगेच मारता येतो, हे सर्व खरे आहे. परंतु तिच्या टाकीत साधारण २०० बार दाब भरावा लागतो. मोटारीच्या चाकात दोन-सव्वादोन बार हवा असते आणि ट्रॅक्टरचे चाक भरणारा कॉम्प्रेसर आठ-दहा बारांवर थकतो, यावरून अंदाज यावा. तिच्यासाठी खास हातपंप घ्यावा लागतो आणि तो मारताना मे महिन्यात माणूस निथळून निघतो. गावात वेल्डिंगवाल्याकडे ऑक्सिजनचे नळकांडे असते म्हणून त्यातून टाकी भरून आणण्याची कल्पना काही हुशार मंडळींना सुचते. दाबाखालचा ऑक्सिजन आणि यंत्रातील तेल-ग्रीस एकत्र आले की स्फोट होतो, म्हणून तो विचार कोणीही मनात आणू नये. भरलेली टाकी पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळाभर तापत ठेवणेही योग्य नाही.

महिन्यातून चार रात्री वापरायची असेल तर नळी मोडून भरायची साधी स्प्रिंगची रायफल पुरते. ती लांब आहे, भरायला जोर लागतो आणि दर छर्ऱ्यामागे हात वर-खाली करावा लागतो, परंतु ती दहा वर्षे तशीच चालते. तिचा एक स्वभाव लक्षात ठेवावा. पोत्यावर दाबून धरली तर ती भलतीकडेच मारते, कारण आतली स्प्रिंग पुढे सुटताना बंदूक आधी मागे आणि मग पुढे झटका देते. पुढचा हात पोत्यावर टेकवून बंदूक तळहातावर सैल ठेवावी. छर्रा न भरता चाप ओढू नये, आतील पिस्टन आपटून सील फुटते.

दुर्बीण लावणार असाल तर एक गोष्ट प्रत्येक नवा माणूस चुकतो. दुर्बीण नळीच्या ४-५ सेंटिमीटर वर बसते. २० मीटरांवर नेम जुळवून ठेवलेली रायफल ८ मीटरांवर सुमारे २ सेंटिमीटर खाली मारते. घुशीचे डोके केवढे असते ते आपण जाणताच. तेथे २ सेंटिमीटर म्हणजे पूर्ण चूक. ज्या अंतरावर मारायचे त्याच अंतरावर, त्याच बैठकीतून, आधी कागदावर वीस-पंचवीस छर्रे मारून पाहावेत.

आपल्या दगडी भिंतींची मला सर्वांत अधिक काळजी वाटते. शिशाचा छर्रा काळ्या दगडावर तिरपा लागला की तो कोठे जाईल हे सांगता येत नाही. भावाच्या गोडाऊनमध्ये सुरुवातीच्या दिवसांत मी कोपऱ्यातील उंदरावर मारलेला छर्रा भिंतीला लागून परत आला आणि माझ्या चष्म्याच्या काचेवर आदळला. काचेला चंद्रकोरीसारखी चीर गेली. तो चष्मा मी अजून ठेवला आहे. त्या दिवसापासून ज्या जागी घूस येते त्या जागेच्या मागे वाळूची दोन पोती आडवी टाकल्याशिवाय मी बसत नाही, आणि चष्म्याशिवाय तर मुळीच नाही. पोलादी गोळ्या वापरू नयेत, त्या फार उसळतात. पत्र्याच्या भिंतीच्या दिशेने मारू नये. मोकळ्या रानात हाच छर्रा तीनशे मीटरांपलीकडेही जातो.

धान्याच्या थप्पीकडे आणि कुट्टीच्या ढिगाकडे तोंड करून एकही छर्रा सोडू नये. शिसे विषारी आहे. कुट्टीत गेलेला छर्रा गायीच्या पोटात जाऊन बसतो. वाळूची पोती लावल्याने छर्रे मोजून परत काढता येतात, हा दुसरा फायदा. उजेडासाठी विजेरीवर लाल कागद लावावा, उंदरांना लाल प्रकाश फारसा जाणवत नाही.

तापीकाठचे_तात्या (चोपडा)

वरच्या दोघांनी बंदुकीविषयी सांगितले. मी घुशीविषयी सांगतो, कारण बंदूक घेऊन बसणाऱ्याला घुशी किती आहेत हेच सहसा ठाऊक नसते.

तिचा गर्भकाळ जेमतेम तीन आठवडे आणि एका वेतात सहा-आठ पिल्ले सहज होतात. आपण रात्रभर जागून दोन माराल, तोवर बिळात आठ डोळे उघडतील. तिसऱ्या रात्रीपासून शहाण्या घुशी आपल्या बैठकीच्या बाजूला येणेच सोडतात. त्यामुळे बंदुकीने घुशी 'संपवण्याचा' विचार करू नये; आधी मोजणी करावी. संध्याकाळी गोडाऊनच्या आतील, बाहेरील आणि बांधावरील सगळी बिळे ओल्या मातीने लिंपून घ्यावीत आणि त्यांचा आकडा वहीत लिहावा. सकाळी जी उघडी दिसतील ती जिवंत बिळे. तोंडाशी मोकळ्या मातीचा ढीग असेल तर ती घूसच. ती नुसती खात नाही, आत साठवूनही ठेवते. आमच्या लहानपणी बीळ खणले की शेर-दोन शेर दाणे निघत आणि ते धुऊन कोंबड्यांना घालत.

आप्पांचे दुःख मला कळते, परंतु आपला कुत्रा विषाने गेला तो विष उघड्यावर ठेवल्यामुळे आणि मेलेले उंदीर न उचलल्यामुळे गेला असावा. झिंक फॉस्फाईड वापरायचे तर ते असे: पहिले दोन-तीन दिवस विष न घालता तेलात कालवलेली ज्वारीची भरड जिवंत बिळांत ठेवावी, म्हणजे घुशींना तिची चटक लागते. मग ९६० ग्रॅम भरड, २० ग्रॅम गोडे तेल आणि २० ग्रॅम झिंक फॉस्फाईड काठीने कालवावे, हाताने नव्हे. दहा-दहा ग्रॅमच्या कागदी पुड्या करून त्या बिळात आत सरकवाव्यात आणि तोंड बंद करावे, म्हणजे कुत्र्याचे, कोंबडीचे तोंड तेथवर पोचत नाही. या विषावर उतारा नाही आणि ओलाव्याने त्याचा वायू होतो, तो फडक्याने अडत नाही, म्हणून काम मोकळ्या हवेत करावे व झाल्यावर साबणाने हात धुवावेत. पुढचे तीन-चार दिवस कुत्रा साखळीला बांधून सकाळी सगळी मेलेली जनावरे उचलून खोल पुरावीत. एकदा झिंक फॉस्फाईड झाले की उरलेल्या घुशी त्याला पुन्हा तोंड लावत नाहीत. लगेच दुसऱ्यांदा तेच ठेवणे म्हणजे पैसे मातीत घालणे होय.

थप्पी जमिनीवर आणि भिंतीला टेकवून लावली असेल तर वरचे सर्व उपाय व्यर्थ आहेत. फळ्यांचे मांडव करून पोती वीतभर उंच घ्यावीत, भिंतीपासून दोन फूट जागा सोडावी, म्हणजे माणसाला तेथून फिरता येते आणि घुशीला आडोसा राहत नाही. पायाच्या भेगांत काचेचे तुकडे घालून सिमेंट भरावे. शटरच्या खाली बोट जाईल एवढी फट असली तर उंदराला तो दरवाजाच आहे.

पोपटांचे म्हणाल तर त्यांचा राग धरून उपयोग नाही. पूर्वी तापीकाठी सगळे शिवार दादरीचे असे, तेव्हा थवा दहा शेतांत वाटला जाई; आता गावोगावी दादर पेरणारे आपल्यासारखे दोघे-तिघे उरले आणि सगळा थवा आपल्याच अंगावर येतो. हुरडा ते दाणा घट्ट होईपर्यंतचे दोन-अडीच आठवडेच धोक्याचे असतात. तेवढे दिवस माळ्यावर माणूस, हातात गोफण आणि वाऱ्यावर फडफडणारी चमकीची फीत, दर दोन-तीन दिवसांनी जागा बदलून. गोफणीचा खडा पोपटाला लागू नये, फक्त तिचा चटाका ऐकू जावा, हे आम्हाला आमच्या आजोबांनी शिकवले होते. त्यांना कायद्याचे कलम ठाऊक नव्हते, पण दादर खाणारा राघूच पुढे आळ्याही खातो अशी त्यांची समजूत होती. समजूत चुकीची होती, राघू आळ्या फारशा खात नाही, पण गोफण बरोबर होती.

घुशींवर खरा पहारा गव्हाणी घुबडाचा. गोडाऊनच्या मागे दहा-बारा फूट उंचीचे, वर आडवी काठी ठोकलेले दोन पक्षीथांबे उभे करावेत. लोक घुबडाला अशुभ मानून हाकलतात आणि मग बंदूक विकत आणतात.

पपई_शहादा (शहादा, जि. नंदुरबार)

माझा अनुभव लहानसा आहे, परंतु या चर्चेत तो राहून जाऊ नये. माझ्या दिरांनी घुशींसाठीच अशी आखूड रायफल घेतली आणि ती ओसरीच्या खुंटीला टांगून ठेवली. सुट्टीत आलेल्या पाहुण्यांच्या अकरा वर्षांच्या मुलाने ती उतरवली. तिच्यात रात्रीचा छर्रा तसाच राहिला होता. तो अंगणात पापड वाळत घातलेल्या खाटेच्या पाटीत रुतला; त्या खाटेपासून दोन हातांवर माझ्या सासूबाई पापड उलटत होत्या. आता रायफल कपाटात कुलूपबंद असते, छर्रे दुसऱ्या खोलीत असतात आणि गोडाऊनमधून निघण्यापूर्वी ती वाळूत रिकामी केली जाते.

दुसरे असे की ही आखूड बंदूक दिसायला फौजी हत्यारासारखी असते. आपल्याकडे मध्य प्रदेशाच्या सीमेलगत गावठी कट्ट्यांसाठी नाकाबंदी असते. मोटारसायकलवर खांद्याला अडकवून नेली तर पोलिसांनी थांबवणे साहजिक आहे आणि रात्री लांबून पाहणाऱ्याला ती छर्ऱ्याची आहे हे कळणार नाही. नेताना बंद पिशवीत, रिकामी आणि बिलासह न्यावी. शेजारच्या मळेवाल्यांना व आपल्या सालदाराला (सालावर ठेवलेल्या गड्याला) बसण्याची रात्र आधी सांगून ठेवावी.

केळीबाग_यावल

सर्वांचे आभार. पाच आठवडे झाले, म्हणून झालेले सांगतो.

तात्यांच्या सांगण्याप्रमाणे आधी मोजणी केली. संध्याकाळी ३१ बिळे लिंपली, सकाळी १२ उघडी होती. थप्पी पूर्ण उतरवून फळ्यांवर घेतली. या एका कामाला चार माणसांचे दोन दिवस गेले आणि खरे सांगायचे तर बंदूक आणण्यापेक्षा हेच टाळावेसे वाटत होते. विषाबद्दल आप्पांशी तीन दिवस बोलणे चालले. पुडी बिळात जाऊन तोंड बंद होणार आणि कुत्रा साखळीला राहणार, हे त्यांनी स्वतः उभे राहून पाहीन या अटीवर मान्य केले, आणि पुड्या त्यांनीच मोजून दिल्या व मोजूनच संपल्याची खात्री केली. तिसऱ्या सकाळपर्यंत सात घुशी मिळाल्या, त्या बांधाच्या कडेला पुरल्या. पुन्हा बिळे लिंपली तेव्हा दोनच उघडली.

त्यांतील एक बीळ काही केल्या बंद होईना. तेथील घूस भरडीला तोंड लावत नव्हती आणि तीन फुटांवर सिमेंट केले तर चौथ्या फुटावर वर येत होती. या एका घुशीसाठी मी शेवटी बंदूक घेतली. आखूड नव्हे, नळी मोडून भरायची साधी, १५ ज्यूलची. वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज देऊन पोच घेतली. बिळामागे वाळूची पोती लावली, विजेरीला लाल कागद बांधला आणि ९ मीटरांवर पाटावर बसलो. पहिल्या रात्री ती आलीच नाही. दुसऱ्या रात्री आली, मी चाप ओढला आणि तिच्या हनुवटीखाली वाळूचा फवारा उडाला, 'दहा मीटर' यांनी लिहिलेले दोन सेंटिमीटर मला तेव्हा डोळ्यांनी दिसले. कागदावर सराव मी अंगणात २० मीटरांवर केला होता. दुसऱ्या दिवशी ९ मीटरांवर नेम जुळवून घेतला आणि चौथ्या रात्री काम झाले. एकूण सुटलेले छर्रे तीन, वाळूतून परत मिळालेले दोन, तिसरा घुशीत होता.

दादरीला फीत बांधली होती आणि सकाळी सालदाराचा मुलगा माळ्यावर बसत होता. डुकरांनी उकरलेल्या केळीचा पंचनामा दुसऱ्याच दिवशी करून घेतला. एक प्रश्न मात्र राहिला आहे: उन्हाळ्यात बागेत पसरलेल्या ठिबकच्या नळ्याही कुरतडल्या जातात, तेथे कोणता उपाय करावा?

तापीकाठचे_तात्या

तेथे उंदीर प्रामुख्याने पाण्यासाठी कुरतडतात, आणि त्यांत खारीही असतात, तेव्हा बंदूक घरीच ठेवावी. बांधाच्या कडेला चार-पाच ठिकाणी मातीची पसरट भांडी पुरून रोज पाणी भरावे, बागेतील वाळलेली पाने नळीवर पडू देऊ नयेत आणि काढलेल्या नळ्या गोडाऊनमध्ये जमिनीवर न ठेवता छताच्या कैचीला तारेने टांगाव्यात. टांगलेल्या तारेवर मधोमध रिकाम्या डब्याचे झाकण भोक पाडून ओवावे. उंदीर तारेवरून येतो, झाकणापाशी थांबतो आणि परत जातो.